वर न काढलेली नाव

आमच्या कामात वर काढण्याला महत्त्व आहे. माणूस जिवंत असेल तर दंडाला किंवा केसाला धरून काढायचा, नसेल तर गळ टाकून, तळ चाचपून. रामकुंडाच्या खाली गोदावरीत कुणी बुडालं की पोलिसांचा नाहीतर नातेवाइकांचा फोन येतो आणि आम्ही आठ-नऊ जण हातातलं टाकून निघतो. एक जण रिक्षा चालवतो, दोघं सातपूरला कंपनीत आहेत, एकाचं पंचवटीत मेडिकल आहे, मी शाळेत शिकवतो. पगार नाही, गणवेश नाही. बहुतेक जण लहानपणी रामकुंडात लोकांनी टाकलेली नाणी लोहचुंबकानं गोळा करता करता बुडी मारायला शिकले. दोघांनी पुढे तारकर्लीला जाऊन स्कूबाचं रीतसर शिक्षण घेतलं.

तेव्हा मे महिन्यात एका संध्याकाळी नदीच्या तळाशी आमच्या हाताला जुनी लाकडी नाव लागली, तर आम्ही काय केलं असेल? ओढली. एक फळी सुटून वर आली. आम्ही तिचा फोटो काढला, तिला हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. हे प्रकरण त्या फळीपासून सुरू होतं, म्हणून चूक आधीच सांगून टाकतो.

नाव नाशिक शहर ते नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा या पट्ट्यात आहे. याहून जास्त सांगणार नाही. गावाचं नाव लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे चार गाड्या उभ्या राहतील, हे आता आम्हाला अनुभवानं कळलं आहे.

जाळं अडकायची जागा

नाव आम्ही शोधली नाही. एका भोईदादाचं जाळं वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी अडकून फाटायचं. पाणी भरलेलं असताना तो त्या जागेला वळसा घालून जाळं टाकायचा. त्या वर्षी धरणाचं आवर्तन, म्हणजे ठरावीक वेळी सोडायचं पाणी, लांबलं, पाणी बरंच उतरलं, आणि त्यानं आम्हाला फोन केला, "खाली झाडाचं खोड आहे बहुतेक, तेवढं काढून द्या." तीन वर्षांपूर्वी त्याच्या भाच्याला आम्ही वर काढलं होतं, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता.

पाणी जास्तीत जास्त चौदा फूट. पण शहराखालची गंगा (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) म्हणजे डोळ्यासमोर धरलेला हात न दिसणारं पाणी. वर पाणवेली, खाली गाळ, गाळात फाटकी जाळी. इथे हातानं बघायचं असतं. पहिला उतरला तो वर येऊन म्हणाला, "खोड नाही, कडा आहे. सरळ गेलेली कडा." दुसरा उतरला, त्याला आडव्या पट्ट्या लागल्या, ठरावीक अंतरावर. तिसऱ्यानं ओढून पाहिलं.

ती फळी दोन हात लांब होती आणि दगडासारखी जड. रंग काळा, कडा इतक्या स्वच्छ की काल रंधा मारलाय असं वाटावं. आम्ही ती पंचवटीत एकाच्या गच्चीवर उन्हात ठेवली. ओली आहे, वाळली की हलकी होईल, मग कुणाला तरी दाखवू, असा साधा हिशोब.

आठव्या दिवशी फळीला उभ्या भेगा गेल्या. पंधराव्या दिवशी ती पापडासारखी वळली. महिन्याभरात रुंदी निम्मी झाली आणि बोटानं दाबलं की भुगा पडायला लागला. गच्चीवाल्याच्या आईनं विचारलं, "सरपण आहे का रे हे?"

असं का झालं, ते नंतर वाचून कळलं. पाण्याखाली गाळात रुतलेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून बुरशी आणि वाळवी त्याला खाऊ शकत नाहीत. समुद्रात लाकूड पोखरणारा जहाजकिडा असतो, तो गोड्या पाण्यात जगत नाही. पण गाळातले जिवाणू हळूहळू लाकडाच्या पेशींचा आतला ऐवज संपवतात, आणि त्या जागी पाणी भरतं. बाहेरून फळी धडधाकट दिसते, प्रत्यक्षात तिला आतून पाण्यानं उभं धरलेलं असतं. उन्हात पाणी उडतं, जाताना पेशींच्या भिंती आत ओढतं आणि सगळं कोसळतं. स्वीडनचं 'वासा' हे जहाज १६२८ मध्ये बुडालं, १९६१ मध्ये वर काढलं, आणि त्यानंतर सतरा वर्षं त्याच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचा मेणासारखा पदार्थ पाण्यात मिसळून फवारत राहावं लागलं, म्हणजे पाण्याची जागा तो घेईल. आम्ही सतरा दिवससुद्धा वाट पाहिली नव्हती.

नाव कसली, किती जुनी

फळी गेली तेव्हा आमच्यातला मेडिकलवाला म्हणाला, "आता खाली जे आहे त्याला हात लावायचा नाही. मोजायचं फक्त." हा माणूस मुळात सावध आहे. दर बुडीनंतर सगळ्यांच्या कानात थेंब टाकतो आणि कुणाला जखम असेल तर पाण्यात उतरू देत नाही.

मोजणी सहा रविवार चालली. नावेच्या दोन्ही टोकांपलीकडे गाळात लोखंडी गज रोवले आणि त्यांच्यामध्ये दर फुटाला गाठ मारलेली नायलॉनची दोरी ताणली. एक जण खाली गाठ धरून तिथून कडेपर्यंतचं अंतर पट्टीनं मापायचा. लिहायला खाली दिसतंय कुठे? म्हणून कमरेच्या दोरीला झटके द्यायचे, वर होडीत बसलेला झटके मोजून वहीत उतरवायचा. झटका चुकला की पुन्हा पहिल्यापासून. फोटोसाठी एक युक्ती जमली. जाड पारदर्शक पिशवीत फिल्टरचं पाणी भरायचं, कॅमेरा तिच्या एका बाजूला टेकवायचा आणि दुसरी बाजू लाकडाला. मधलं पाणी स्वच्छ, त्यामुळे वीतभर भाग दिसतो. असे दोनशेच्या वर तुकडे जोडून एका बाजूचं चित्र तयार झालं.

तारकर्लीला शिकलेले दोघं पहिल्या दिवशी धपकन तळाला गेले आणि गाळ उसळला. समुद्राच्या पाण्याला अडीच टक्के जास्त वजन असतं, म्हणून तिथे कमरेला शिशाचे वजनपट्टे जास्त लागतात. इथे साधारण दोन किलो कमी करावे लागले. दुसरी गोष्ट म्हणजे नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. तीनशे मीटरच्या वर स्कूबाच्या वेळा-खोलीचे हिशोब वेगळे धरतात, कारण वरच्या हवेचा दाब कमी असतो. चौदा फुटांवर त्यानं फरक पडत नाही. पण याच हौसेनं उद्या कुणी गंगापूर धरणात खोल जाईल, त्यानं हे शिकून जावं.

निघालं ते असं: लांबी तेवीस फूट शिल्लक, एक टोक तुटलेलं, मधली रुंदी साडेसहा फूट, तळ सपाट. शिल्लक टोक बोथट. फळ्या सागाच्या असाव्यात, आतले वाक, म्हणजे फळ्यांना आतून धरणाऱ्या त्या आडव्या पट्ट्या, बाभळीचे. हे गावच्या सुतारानं फळीचा उरलेला तुकडा हुंगून सांगितलं.

तोवर व्हॉट्सॲपवर 'गोदापात्रात पेशवेकालीन युद्धनौका' असा निरोप फिरायला लागला होता. आमच्यापैकीच कुणीतरी पहिल्या दिवशीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. युद्धनौका, तीही निफाडच्या बाजूला!

त्या युद्धनौकेला एका खिळ्यानं बुडवलं. फळीतून निघालेला खिळा गोल होता, तारेचा. लोहारानं हातानं ठोकलेला खिळा चौकोनी असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. तारेचे यंत्रावरचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी सर्रास व्हायला लागले. शिवाय एका सांध्यावर रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून ठोकलेला हाताला लागला. डागडुजी नंतरचीही असू शकते, पण पेशवाईत रॉकेलचा डबा नव्हता. कार्बन चाचणी करावी असं एकानं सुचवलं. पण गेल्या तीनशे वर्षांतल्या लाकडाचं वय त्या चाचणीनं नेमकं निघत नाही, एकाच मापाला अनेक काळ जुळतात. सागाला वर्षाची वलयं पडतात आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झाला आहे, हे खरं. पण त्यासाठी पुन्हा लाकूड कापून वर आणायचं, म्हणजे तोच खड्डा.

खरं उत्तर भोईदादाच्या चुलत आजोबांकडून मिळालं. वय पंच्याऐंशीच्या पुढे, नजर गेलेली. आमचा कागदावरचा नकाशा त्यांना काय उपयोगाचा, म्हणून आम्ही गव्हाच्या काड्यांची छोटी नाव करून हातात दिली. त्यांनी दोन्ही टोकं चाचपली. "ही नाव न्हाई. तर हाय."

तर म्हणजे नदी उतरवणारी. पूल नव्हते तेव्हा या थडीवरून त्या थडीला माणसं, कांद्याच्या गोण्या, नवरा-नवरी, सगळं तरीवरून जायचं. बैल पोहत यायचे, गाडीची चाकं काढून तरीत आडवी घालायचे. दोन्ही टोकं सारखी, कारण अरुंद पात्रात ती वळवायची नसते, तरीवाला फक्त या टोकाकडून त्या टोकाला चालत जातो. पैसे कुणी देत नसे, सुगीला धान्य मिळायचं. त्यांच्या वडिलांची एक तर पुरात गेली होती. हीच ती का? "मला काय ठावं? लई तरी व्हत्या," म्हणाले आणि काड्यांची नाव परत दिली नाही.

मला विचाराल तर पेशवेकालीन नसणं हीच या नावेची किंमत आहे. समुद्रावरच्या गलबतांची चित्रं निघाली, मापं निघाली. आमच्या गंगेवरच्या तरी कुणी मोजल्या? पूल झाले आणि त्या सरपणात गेल्या.

कागद

१८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. तरीची किंमत दहा रुपयांच्या वर आहे का, यावर आमच्यात हसत हसत वाद झाला. शेवटी अर्ज दिला आणि पोच घेतली. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांची अट घालतो. पाण्याखालच्या वारशासाठी युनेस्कोचा २००१ चा करार आहे, त्यातही शंभर वर्षं आणि शक्यतो जागेवरच जतन असं तत्त्व आहे, पण भारत त्यात सामील नाही. एका कार्यालयात आम्हाला तोंडी सांगण्यात आलं, "शंभर वर्षं झाली नसतील तर आमचा विषय नाही. झाली असतील तर हात लावू नका." याहून नेमकं उत्तर मला वाटतं मिळालं नसतं, कारण दोन्ही बाजूंनी ते एकाच गोष्टीकडे नेत होतं.

पोकलेन

खरी घाई गाळानं आणली. उन्हाळ्यात तलावा-बंधाऱ्यांतला गाळ काढून शेतात टाकायचा, ही 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून राज्यात आहे. द्राक्षबागेला, कांद्याच्या रानाला तो गाळ म्हणजे सोनं. पुढच्या मे महिन्यात आमच्याच काठाला पोकलेन लागणार असं कळलं. पाणी आणखी उतरलं तर नाव उघडी पडणार हे वेगळंच. एकदा ओली, एकदा कोरडी, पुन्हा ओली, यापेक्षा लाकडाला वाईट काही नाही.

गावच्या पारावर बैठक झाली. सरपंचांचं म्हणणं, काढून घ्या वर, ग्रामपंचायतीसमोर चौथरा बांधू, ऑइलपेंट मारू, पोरं फोटो काढतील. सरपंच मनापासून बोलत होते. चांदोरीला गोदापात्रातली जुनी मंदिरं पाणी उतरलं की उघडी पडतात, लोक बघायला जातात, तसं आपल्याकडेही काहीतरी असावं, एवढंच. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तेही त्यांच्या बाजूला गेले. "आपण आजवर कुणाला खाली ठेवून आलो नाही," म्हणाले.

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. अण्णांनी चाळीस वर्षांत किती देह काढले ते स्वतः मोजत नाहीत. त्यांना 'जागेवरच राहू द्या' हे सांगणं म्हणजे त्यांच्या सगळ्या कामावर बोट ठेवल्यासारखं झालं असतं. मेडिकलवाल्यानं काही न बोलता फळीचा उरलेला भुगा भरलेली बरणी त्यांच्यासमोर ठेवली.

मग मी लेक जॉर्जची हकीकत सांगितली. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यात हा तलाव आहे. १७५८ च्या शरदात ब्रिटिशांनी आपल्या अडीचशेच्या वर नौका तिथे मुद्दाम बुडवल्या, हिवाळ्यात फ्रेंचांच्या हाती पडू नयेत आणि पुढच्या वर्षी काढता याव्यात म्हणून. त्यात सपाट तळाच्या 'बॅटो' नावाच्या कितीतरी साध्या होड्या होत्या, आपल्या तरीच्या चुलत बहिणी म्हणाव्यात अशा. 'लँड टॉर्टॉइस' नावाची सात बाजूंची, बावन्न फुटी लढाऊ नौका खोल गेली आणि तिथेच राहिली. जून १९९० मध्ये ती हौशी पाणबुड्यांच्या एका गटाला सोनारवर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ दाखवणाऱ्या यंत्रावर, दिसली, एकशे सात फुटांवर. पुढे त्या गटाचं नाव 'बॅटो बिलो' झालं. त्यांनी ती वर काढली नाही. मोजली, चित्रं काढली, राज्य सरकारच्या मागे लागले. १९९३ पासून तलावात बुडित नौकांची राखीव ठिकाणं झाली. तिथे होडी बांधायला तरंगते पिंप आहेत, कारण वरून टाकलेल्या नांगरानं नावेचं जेवढं नुकसान होतं तेवढं वर्षानुवर्षांच्या पाण्यानं होत नाही. १९९८ मध्ये 'लँड टॉर्टॉइस' राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली. ती अजून तलावाच्या तळाशीच आहे.

"त्यांचं पाणी कसंय?" अण्णांनी विचारलं.

"स्वच्छ, थंड."

"मग ते बघायला जातात. आपल्याला काय दिसणार?"

मुद्दा बरोबर होता. त्यांचा उपाय आमच्या पाण्यात जसाच्या तसा चालणार नव्हता. बघायला जाण्यासारखं इथे काही नाही, मग उघडी कशाला ठेवायची? झाकूनच टाकू. हे अण्णाच म्हणाले.

झाकणं

हॉलंडच्या वॅडन समुद्रात बुडित जहाजांवर बारीक जाळी अंथरतात. प्रवाहात वाहणारी वाळू जाळीतून खाली बसते आणि जहाज आपोआप पुरलं जातं. आम्हाला जाळी विकत घ्यावी लागली नाही. परिसरातल्या रोपवाटिकांमध्ये जुनं शेडनेट ढिगानं पडलेलं असतं, एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरभर दिलं. नावेच्या आत आणि कडेला आधी त्याच तळातला गाळ भरलेली पोती हलक्या हातानं ठेवली, मग नेट सैल अंथरलं आणि कडा पोत्यांनी दाबल्या. सैल अंथरायचं कारण, ताणलेल्या नेटखालून पाणी वेगानं जातं आणि गाळ उलट धुऊन नेतं. हे पहिल्या प्रयत्नात चुकलं होतं. खिळा एकही मारला नाही.

पोकलेनचं काम बोलून झालं. ज्याच्या रानात गाळ जाणार होता तो शेतकरी आधी तापला. "तुमच्या लाकडापायी माझा गाळ का सोडू?" त्याचं चूक नव्हतं. चाळीस फूट बाय तीस फुटांचा तुकडा सोडायचा आणि बदल्यात पलीकडच्या कोपऱ्यातला जास्त गाळ त्याला, असं ठरलं. आम्ही बांबू रोवून लाल फडकी बांधली. यंत्र बांबूपासून बऱ्याच अंतरावर थांबलं. चालकानं नंतर विचारलं, "कुणाची समाधी आहे का?"

जागेची खूण कागदावर ठेवली नाही. भोईदादानं त्याच्या पद्धतीनं दिली: या काठावरचं एक झाड आणि मागच्या देवळाचा कळस एका रेषेत, त्या काठावरची विहीर आणि विजेचा खांब एका रेषेत. दोन रेषा जिथे छेदतात तिथे नाव. चौघांना माहीत आहे.

पावसाळ्यात गंगापूरमधून पाणी सोडलं तेव्हा शहरातले लोक नेहमीप्रमाणे रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं याचे फोटो पाठवत होते. छातीपर्यंत आलं तेव्हा मेडिकलवाल्याचा रात्री निरोप आला, "पोती टिकतील?" दिवाळीनंतर उतरून पाहिलं तर वरच्या अंगाचा एक कोपरा फाटला होता आणि तिथे पाणवेलीचा गुंता अडकला होता. तेवढा नव्यानं झाकला. बाकी नेटवर गाळ बसलेला.

या वर्षीच्या उन्हाळ्यात भोईदादाचा फोन आला. आवाजात काळजी. "सर, तिथं जाळं अडकतच नाही आता. सरळ निघून येतं. तुमची तर वाहून गेली का काय?"

आम्ही गेलो. अण्णा म्हणाले, मी उतरतो. हातात चार फुटी सळई. खाली चाचपून त्यांना सपाट गाळ लागला, नेट नाही, पोती नाहीत, काही नाही. त्यांनी सळई हळूहळू आत सरकवली. हातभर गेली. मग कमरेच्या दोरीला एक झटका आला, आणि थोड्या वेळानं आणखी एक, दोन फूट पुढे. मी वहीत दोन टिंबं काढली. तिसरा झटका यायला उशीर झाला तेव्हा भोईदादा होडीत उभा राहिला होता.

आला.